पान २११, उजवी कड

डाव्या हातानं पान दाबायचं, उजव्यानं बटण. चित्रात बोट आलं तर कापायचं. सुरतेतल्या एका कचेरीतली जुनी मृत्यू-रजिस्टरं ऑनलाइन चढवायची होती. रोज चारशे पानं.

पान २११. साल १९९९. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापड-डाइंग कारखान्यातली आग. ओळीनं पाच नावं. सहावी ओळ कोरी.

ती माझ्या वडिलांची. ते, वाल्मिक, त्या पाळीला गेले होते. देह मिळाला नाही. मालक म्हणाला, तो आलाच नव्हता. म्हणून कागदोपत्री ते बेपत्ता, आणि माझी आई, सुभद्राबाई, अजून कुंकू लावते. कुणी ते पुसायला सांगितलं तर म्हणते, "त्या गयात आसं लिखी द्या. मंग पुसस." ते गेले, हे तिला कागदावर लिहून हवं आहे.

स्कॅन पहिला. उजव्या कडेला एक बोट. माझा हात डावीकडे होता.

तर्जनी. टोक तुटलेलं, कातडीत निळा रंग मुरलेला. पहिल्या नावापाशी.

लेन्स पुसली. स्कॅन दुसरा. बोट तिसऱ्या नावापाशी.

तिसरा. पाचव्यापाशी.

चौथा मी पानाला हात न लावता घेतला. बोट कोऱ्या ओळीवर. कागद तिथं किंचित दबलेला.

सुपरवायझर भूपेंद्रभाई मागून वाकले. "हर्षदाबेन, आंगळी कापो ने."

चित्रातलं बोट कापलं. फाइल पुन्हा उघडली. बोट होतं.

ते म्हणाले, पान खराब दाखव आणि पुढं जा.

"पान चांगलं आहे. आहे तसंच चढणार."

"नोकरी जशे."

"जाऊ दे."

मी अपलोड दाबलं.

संध्याकाळी आईला मोबाइलवर दाखवलं. वडिलांचं बोट पूर्वी यंत्रमागात सापडलं होतं तेव्हा पट्टी तिनंच बांधली होती. तिनं ते ओळखलं. पदर ओला केला आणि कपाळ पुसलं, एकदाच, डावीकडून उजवीकडे.

सकाळी भूपेंद्रभाई तेच पान उघडून बसले होते.

बोट नव्हतं. सहाव्या ओळीत एक लाल फराटा होता, डावीकडून उजवीकडे.

हा डाग काप, ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी नाही म्हणाले. कपाटातून मूळ रजिस्टर काढलं, स्कॅनरखाली २११ उघडलं, डाव्या हातानं पान दाबलं. माझं बोट सहाव्या ओळीवर पडलं.

कुंकू ओलं होतं.