डाव्या बाजूचं चावणं

माझ्या ताईला दातांची भीती नाही, दातांच्या डॉक्टरची आहे. आणि ती डॉक्टर मीच असल्यामुळे तिची पंचाईत होते. ताई शिवणाचे क्लास चालवते. दिवसभर दातांनी दोरा तोडते, ओठांत टाचण्या धरून मुलींना रागावते आणि दात दुखायला लागला की कुणाला पत्ता लागू देत नाही. अशा गप्प बसण्यापायीच तिच्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन्ही दाढा गेल्या. पार पोखरल्या होत्या, मीच काढल्या. त्या जागी नव्या बसवून घे म्हणून मी कानीकपाळी ओरडले. ती ‘बघू’ म्हणाली आणि उजव्या बाजूने चावायला लागली.

पुढे एकदा ती डावी वरची दाढ फोडून घेऊन आली. एक कोपरा साफ उडाला होता. काय खात होतीस म्हणून विचारलं तर म्हणाली, गाजर. डावीकडून चावलं आणि कटकन आवाज झाला. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खाली दाढाच नाहीत, तर वरची फुटली कशावर? पण बाहेर पेशंट ताटकळत होते आणि दाढेत जुनं सिमेंट भरलेलं होतं. अशी दाढ कधीकधी आपली आपण तडकते. मी तेवढ्यावर समाधान मानलं आणि तिला नेहमीचं लेक्चर दिलं.

पुढचं काम रोजचंच होतं. रूट कॅनाल केलं, दाढ चारी बाजूंनी तासली आणि पोर्सेलीनच्या कॅपसाठी दोन्ही जबड्यांची मापं घेतली. माप म्हणजे एका ट्रेमध्ये मऊसर गुलाबी लगदा भरून तो दातांवर दाबायचा. घट्ट झाला की त्यात दातांचा ठसा उमटतो. त्या ठशात प्लॅस्टर ओतलं की जबड्याची हुबेहूब प्रतिकृती तयार होते आणि लॅबमधला कारागीर तिच्यावर कॅप घडवतो. मी ठसे ओले असतानाच लॅबला पाठवते, प्लॅस्टर तेच ओततात. वरचा ठसा मी दिव्याखाली धरून नीट पाहिला. खालचा नुसता धुतला, कारण डावीकडे खाली बघण्यासारखं काही नव्हतंच.

कॅप सुरेख आली. रंग असा जुळला होता की शेजारच्या दातालाही फरक कळला नसता. ताईने आरशात तोंड वेडंवाकडं करून पाहिलं, खूश झाली. मग दात मिटले आणि तिचा चेहरा उतरला.

“लागतंय,” ती म्हणाली.

नवी कॅप बसवली की दहांतले आठ जण हेच म्हणतात. त्यावर आमच्याकडे निळा कागद असतो. तो दातांमध्ये धरायचा, पेशंटला टकटक चावायला सांगायचं; वरचा आणि खालचा दात जिथे जास्त टेकतात तिथे निळा डाग पडतो, तेवढंच घासून काढायचं. माझा हात सवयीने कागदाकडे गेला. ताई चावली. कॅपच्या मधोमध दोन ठसठशीत निळे डाग पडले. मी ते घासले, पुसले, पुन्हा कागद धरला. पुन्हा डाग. परत घासले आणि तिसऱ्यांदा कागद उचलता उचलता माझा हात थांबला.

गाल बाजूला ओढून मी आरसा आत घातला. खाली गुळगुळीत गुलाबी हिरडी होती. दाढा काढलेल्या जागेची जखम कधीच भरून आली होती. वर लागण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.

कागद काढताना घासला असेल, असं मी म्हटलं. कुणाला म्हटलं कोण जाणे, ताईने काही विचारलं नव्हतं. मी कॅप पक्की चिकटवली आणि तिला घरी पाठवलं.

ती परत आली, पुन्हा परत आली. जबडा ठणकतो, कान दुखतो, घास तोंडात धरवत नाही. प्रत्येक वेळी मी कागद धरला आणि प्रत्येक वेळी डाग पडले. कॅप इतकी पातळ झाली की आणखी घासली असती तर भोक पडलं असतं. अंगावर ढगळ होतात म्हणून ताईने स्वतःचे कपडे दोनदा उसवून आत घेतले. भावोजींचा फोन आला. भावोजी म्हणजे मितभाषी माणूस, फोनवर हवापाण्याच्या पुढे कधी जात नाहीत. ते म्हणाले, ती पानावर बसते आणि तशीच उठते, अशाने ती हातची जाईल, तुझ्या त्या कॅपचं काहीतरी कर.

मला त्यांचा राग आला. खरं तर राग भीतीचा होता, पण ते मला तेव्हा कबूल नव्हतं. ताई आली तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितलं, की खाली काही नाही, त्यामुळे काही लागूच शकत नाही. हे तुझ्या मनाचे खेळ आहेत. लहानपणी मी असं उलट बोलले असते तर तिने धपाटा घातला असता. आता ती नुसती खुर्चीत पडून छताकडे बघत राहिली.

“मला खोटं ठरव हवं तर,” ती म्हणाली. “पण आधी बोट घालून बघ.”

मी हातमोजा चढवला. बोट तिच्या रिकाम्या हिरडीवर ठेवलं. हिरडी मऊ होती, कोमट होती, जशी असायला हवी तशी. मी तिला सावकाश मिटायला सांगितलं.

वरून कॅप नखावर टेकली. हे अपेक्षितच होतं.

मग खालूनही काहीतरी टेकलं. कठीण, खडबडीत. ते बोटाखालून वर आलं आणि दाबू लागलं.

मी हात हिसडून काढला. मोजा दोन्ही बाजूंनी फाटला होता. नखावर एक वळ होता, तो कॅपचा. बोटाच्या पोटावर खळग्यांची ओळ होती, आणि एकात रक्त होतं. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात बोटं घातली आहेत. कोणत्या दाताचा चावा कसा उमटतो हे मला कुणी सांगायला नको. तो चावा दाढांचा होता.

मी आरसा पुन्हा आत घातला. हिरडी. गुळगुळीत, गुलाबी.

“कळलं?” ताईने विचारलं. तिच्या आवाजात विजय नव्हता. तिला रडू येत होतं.

तिला बसवून ठेवून मी लॅबमध्ये फोन लावला. कॅप उंच का केली म्हणून विचारलं. तिथला कारागीर जुना माणूस, त्याला वाटलं मी त्याच्या कामाला नावं ठेवतेय. तो म्हणाला, “मॅडम, खालच्या दाढांवर बसवून बघूनच केलीय. प्लॅस्टर अजून ठेवलंय, येऊन बघा.”

मला हायसं वाटलं. म्हणजे जबड्यांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्याच कुणाच्या खालच्या जबड्यावर माझ्या ताईची कॅप केली होती. लॅब दोन गल्ल्या सोडून होती, मी चालतच गेले. बोटाचं काय, हा विचार मी वाटेत करायचाच नाही असं ठरवलं.

कारागिराने कपाटातून प्लॅस्टरचा जबडा काढून माझ्या हातात दिला. मी आधी पुढचे दात पाहिले. समोरच्या एका दाताच्या काठाला बारीक खाच होती, वर्षानुवर्षं दोरा तोडून पडते तशी. तिच्याबद्दल मी ताईला कितीदा बोलले आहे.

जबडा ताईचाच होता.

डावीकडे, शेवटी, दोन दाढा होत्या.

ताईच्या नव्हत्या त्या. ताईच्या मी माझ्या हातांनी काढल्या होत्या, पोखरलेल्या. या अखंड होत्या, शेजारच्या दातांहून रुंद, आणि वरून झिजून सपाट झालेल्या. इतकी झीज मी म्हाताऱ्यांच्या तोंडातच पाहिली आहे. ताई अजून पन्नाशीचीही नव्हती.

पुन्हा माप घ्यायचा मला धीर झाला नाही. हे मी लपवत नाही. क्लिनिकमध्ये परत आले आणि कॅप कापून काढली. ताईने दात मिटले, उघडले, पुन्हा मिटले. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझा हात धरून हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. मला तेवढं पुरेसं वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

थोड्याच दिवसांत भावोजींचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. ताई जेवायला लागली होती, दोन माणसांचं जेवत होती. येऊन बघ म्हणाले.

मी दुपारी गेले. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गाजर खात होती. समोर सोललेल्या गाजरांची ताटली होती. गळ्याची हाडं वर आली होती. मनगटावरचं घड्याळ सरकून कोपराशी गेलं होतं. आधीपेक्षाही ती बारीक झाली होती.

“एवढं खाते, पण अंगी लागत नाही गं,” ती म्हणाली. “डावीकडून मात्र झकास चावता येतं आता. कॅप काढलीस ते बरं केलंस. जागा झाली.”

मी तिला तोंड उघडायला सांगितलं. तिने घास गिळला आणि खिडकीकडे तोंड करून आ केला. वर तासलेल्या दाढेचा खुंट होता. खाली हिरडी होती. तोंडात गाजराचा कणही उरला नव्हता.

तिने तोंड मिटलं.

आवाज सुरूच होता. तिच्या डाव्या गालाच्या आतून, करकर, करकर, सावकाश, चवीने. ताईचा जबडा हलत नव्हता.

माझ्याकडे बघून ती जराशी ओशाळली. समोरच्याचं जेवण व्हायचं असलं की आपण थांबतो, तशी ती हात मांडीवर ठेवून थांबली. आवाज बंद झाला, तेव्हा तिने ताटलीतलं पुढचं गाजर उचललं.