दुसरी किल्ली

"तुमच्या गळ्यातली किल्ली माझ्या खोलीची आहे."

जीपमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला कोणी मुलगी असं म्हणत नाही. जयश्रीही म्हणाली नसती... पण तोंडातून निघून गेलं, आता काय करणार! मे महिन्याची दुपार, जव्हारहून दाभोशाला निघालेली जीप, नऊ जणांच्या जागेत चौदा माणसं आणि दोन कोंबड्या. जीपने वळण घेतलं तशी शेजारच्याच्या शर्टातून काळ्या दोऱ्यातली एक पितळी किल्ली बाहेर आली. किल्लीला लाल चिंधी होती. ती चिंधी जयश्रीने स्वतःच्या हाताने बांधली होती.

त्याने आधी किल्लीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे खोली तुमची नि किल्ली माझी," तो म्हणाला. "आता कसं करायचं?"

मागच्या सीटवरच्या म्हातारीला खोकला आला. खरा की खोटा, देव जाणे.

खोली म्हणजे राहायची खोली नव्हे, बरं का. जव्हार-मोखाड्याकडच्या पाच गावांनी मिळून एक बियाणं घर चालवलं होतं. कागदावरचं नाव भारदस्त होतं – सामुदायिक बियाणे ग्रंथालय – पण रीत अगदी साधी. ग्रंथालयातून पुस्तक न्यावं तसं बी न्यायचं, पेरायचं, आणि सुगी झाली की परत आणायचं. एक पायली नेली तर दीड पायली परत. कोळपी भात, नागली, वरई, उडीद... या डोंगरांना पिढ्यानपिढ्या मानवलेली वाणं राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यांत ठेवलेली असायची. पाच गावं, पाच शाखा, प्रत्येक शाखेची एक खोली, आणि प्रत्येक खोलीला दोन कुलपं.

दोन कुलपं जयश्रीमुळे. तीन वर्षांपूर्वी एका पाड्यावर खोलीला एकच कुलूप होतं आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या एकाच घरात, दोन भावांकडे. माणसं वाईट नव्हती. घरात लग्न निघालं, पंगतीला तांदूळ कमी पडला, आणि बियाण्याचं भात कांडलं गेलं. पेरणीला लोक टोपल्या घेऊन आले तर मडकी रिकामी! तेव्हा शेतीची पदविका घेऊन नुकतीच गावी परतलेली जयश्री सभेत उभी राहिली. नियम तिनेच लिहिले. एक किल्ली शाखेच्या गावातच राहणाऱ्या माणसाकडे, दुसरी दुसऱ्या शाखेतल्या कोणाकडे तरी. आणि नियम सात – दोन किल्ल्या एका घरात नकोत.

अध्यक्ष होत्या वावर गावच्या गौराबाई. त्यांनी वाईट वर्षं पाहिली होती. "पोरीचं बेस हाय," त्या म्हणाल्या. "रिकामी मडकी मी एकदा पाहिलीत. पुन्यांदा नको." नियम मंजूर झाले.

दाभोशाच्या खोलीची एक किल्ली जयश्रीकडे होती, दुसरी मोखाडा शाखेतल्या एका आजोबांकडे. त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि किल्ली आली या रूपेशच्या गळ्यात. दोन वर्षं ठाण्याला गोदामात काम करून कंटाळून परत आलेला, शेतात रमलेला, आणि बोलण्यात तयार.

पहिल्याच दिवशी त्याने उडदाचा एक दाणा दाताखाली धरून फोडला. "कट् वाजला नाय," तो म्हणाला. "ओल हाय. उन्हात घाला."

जयश्रीला राग आला. कारण त्याचं बरोबर होतं.

पेरणीच्या आधी बी वाटायचं म्हणून तो आठवड्यातून दोनदा येऊ लागला. काम ते किती? कुलूप काढायचं, माप होईपर्यंत थांबायचं, वहीत सही करायची. तेवढ्यासाठी मोखाड्याहून जव्हार, जव्हारहून दाभोसा, आणि पुन्हा तसंच उलट.

"दहा मिनिटांच्या कामाला चार तास जीपमध्ये काढता," एकदा ती म्हणाली. "कंटाळा नाही येत?"

"येतो ना... जाताना."

जयश्रीने घाईघाईने नागलीच्या मडक्यात डोकं घातलं. नागलीचे दाणे काही मोजायचे नसतात, तरी ती बराच वेळ मोजत राहिली.

"नियम कोणी केला हा? दोन कुलपांचा?" तो हसत विचारायचा.

"मी."

"मग मी इथं येतो हा दोष कोणाचा?"

असं विचारलेलं तिला मुळीच आवडायचं नाही. म्हणजे... आवडायचं. पण ते कबूल करायला तिला जुलैपर्यंत वेळ लागला.

जुलैत तीन दिवस धो धो पाऊस कोसळला आणि गावातल्या माघ्याच्या उतारावरची नागलीची सगळी रोपं मातीसकट ओढ्यात गेली. माघ्या भिजलेली टोपली घेऊन जयश्रीच्या दारात उभा राहिला. दोन दिवसांत पुन्हा पेरलं तर लवकर तयार होणारी वरई हाती लागणार होती, नाहीतर घरात वर्षभर काही नाही. जयश्रीने रूपेशला फोन लावला. एकदा वाजला... आणि नेटवर्क गेलं. रस्त्यावरच्या मोरीवरून पाणी वाहत होतं, जीपा बंद होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने अंगणातला एक दगड उचलला. खोली तिची, आतलं बी माघ्याच्या हक्काचं, कुलूप तेवढं मध्ये. आणि नियमही तिचाच! दगड मांडीवर घेऊन ती खोलीच्या उंबऱ्यावर बसली. चार वाजेपर्यंत वाट पाहू, तिने ठरवलं. मग मात्र फोडू.

पावणेचारला बांधावरून कोणीतरी येताना दिसलं. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर फाटकं इरलं, आणि पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळलेली किल्ली हातात उंच धरलेली.

"फोन वाजला नि तुटला," रूपेश धापा टाकत म्हणाला. "असल्या पावसात कोणी उगाच फोन नाय करत. मोरीपासून चालत आलो." मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. "दगड कशाला?"

"तू आला नसतास तर..."

'तू' म्हटलं होतं तिने. दोघांनाही ते ऐकू आलं.

"आधी दगड खाली ठेव," तो म्हणाला, "आणि मग पुन्हा एकदा तू म्हण."

माघ्या वरई घेऊन गेला. जयश्रीच्या वडिलांनी, ढवळूबाबांनी, रूपेशला कोरडं धोतर दिलं, नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे ठेवली, आणि ते छप्पर कुठे गळतंय ते बघायला बाहेर गेले. छप्पर कुठेच गळत नव्हतं. ढवळूबाबांना डोळे होते, आणि वेळेला उठून जायची अक्कलही होती.

तिचं प्रेम कधी जडलं असं विचाराल, तर जयश्री तेव्हाचंच सांगेल – दगड खाली ठेवला तेव्हा.

पावसाळा सरला, कापणी झाली, लोक दीड-दीड पायली बी परत घेऊन येऊ लागले. नोव्हेंबरातल्या एका दुपारी रूपेश शेवटचं मडकं बांधता बांधता म्हणाला, "एक विचारू?"

"यादी पुरी झाल्यावर."

यादी पुरी झाली. तिने वही मिटली. "हं... विचार."

"मला दोन जीपा बदलायचा कंटाळा आलाय."

तिने मिटलेली वही पुन्हा उघडली. "म्हणजे... किल्ली दुसऱ्या कोणाला देणार?"

"नाय गं. तुलाच मोखाड्याला न्यावं म्हणतो."

आनंद असा झाला की क्षणभर तिला वहीतली अक्षरंही दिसेनात. आणि मग, त्याच वहीच्या पहिल्या पानावरचे नियम आठवले. ती हळूच म्हणाली, "एका किल्लीवाल्याने शाखेच्या गावातच राहायचं. नियम चार. आणि सात तर तुला पाठच आहे."

"लिहिताना लग्नाबिग्नाचा विचार केला नाय तू?"

"तेव्हा तू कुठे होतास?"

दोघं हसले. पण हसू फार टिकलं नाही.

"मला तू हवा आहेस, रूपेश," ती म्हणाली. "आडपडदा नाही ठेवत. पण पहिल्या वर्षी या खोलीत सहा मडकी होती. आज एकेचाळीस आहेत. मी तुझ्याकडे आले तर सुखात असेन... आणि रोज दुपारी मला वाटेल, उडदाला ऊन दाखवलं असेल का कोणी? ही किल्ली मला सोडायची नाही."

लांबून जीपचा हॉर्न वाजला. त्याने सही केली, आपलं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि निघाला. त्यानंतर दोन महिन्यांत तो तीनदाच आला, आणि कामापुरतं बोलला. जयश्रीने तेच त्याचं उत्तर मानलं. रडली थोडी. मडकी मात्र वेळच्या वेळी उन्हात ठेवत राहिली.

जानेवारीत बाजाराच्या दिवशी मोखाड्याला पाचही शाखांची सभा भरली. बियाण्याचा हिशेब झाला, नव्या वाणांची नावं वाचून झाली. मग मोखाडा शाखेचा संदीप उभा राहिला. जिथे तिथे नाक खुपसणारा, पण मनाचा मोकळा माणूस.

"नियम चार नि सात जरा सैल करावेत म्हणतो," तो म्हणाला. "म्हणजे... किल्लीवाल्यांचंच आपसात जमलं, तर त्यांना सूट."

सगळी सभा वळून जयश्रीकडे बघायला लागली. बायका पदराआड हसल्या. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हात वर व्हायला लागले होते. तिने फक्त गप्प बसायचं होतं.

जयश्री उभी राहिली.

"माझा विरोध आहे."

हसू थांबलं.

"ते दोघे भाऊ चांगलेच होते. मीही चांगलीच आहे असं मला वाटतं. पण उद्या माझ्या घरात पंगत बसली, तांदूळ कमी पडला, आणि दोन्ही किल्ल्या खुंटीला असल्या, तर मी काय करीन ते मलाच माहीत नाही. आज माझ्यासाठी नियम सैल केला तर उद्या सगळ्यांसाठी करावा लागेल. पाच गावांचं बी आहे ते. माझ्या... माझ्या सुखासाठी ठेवलेलं नाही."

ती खाली बसली. आपल्याच हाताने आपण दार लावून घेतलं, हे तिला कळत होतं.

गौराबाईंनी मान वळवली. "आन् तू काय म्हणतोस रं रूपेश?"

"माझाबी विरोध हाय," रूपेश म्हणाला. सभेतून एकच सुस्कारा निघाला. संदीपने कपाळावर हात मारला.

रूपेश पुढे आला. गळ्यातला काळा दोरा त्याने डोक्यावरून काढला, किल्ली गौराबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी एक घडी घातलेला कागद.

"किल्ली परत करतो," तो म्हणाला. "दोन महिने घरी हेच चाललं होतं. माझं शेत धाकटा भाऊ कान्हा करील. आई आधी रडली, मग म्हणाली, जा. परवा ढवळूबाबांना जाऊन विचारलं, दाभोशाला येऊन राहू का. ते म्हणाले, नांगर धरता येतो का? म्हटलं, येतो."

"घरजावई!" संदीप ओरडला.

"दोन जीपांपेक्षा बरं," रूपेश म्हणाला.

जयश्रीने वडिलांकडे पाहिलं. ढवळूबाबा छपराकडे बघत होते.

किल्ली सोडायची तर दुसऱ्या किल्लीवाल्याची संमती लागते, हाही नियम होताच. कागद जयश्रीच्या हातात आला. तिने तो वाचला. नाव होतं, शाखा होती, तारीख होती.

"कारण लिहिलं नाहीस," ती म्हणाली.

"मी एकट्याने कसं लिहू?" तो म्हणाला. "तू हो म्हणालीस... तरच ते कारण."

बाहेर बाजारात कोणीतरी सुक्या मासळीचा भाव करत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"लिही, बाय," गौराबाई म्हणाल्या. "पण मोठ्यानं वाच. माला वाचता येत नाय."

जयश्रीने पेन घेतलं. एकच ओळ लिहिली, खाली सही केली, आणि वाचली –

"कारण : दोन्ही किल्ल्या एका घरात येत आहेत."

मग जो गलका झाला तो विचारू नका. त्या गलक्यात संदीप म्हणाला, "आता दाभोशाची दुसरी किल्ली मी घेतो." गौराबाईंनी त्याचा हात बाजूला केला. "तू नको. तुझंबी लगीन व्हायचं हाय. आमच्या वावरच्या काळीला द्या. तिला नातवंडं झालीत."

काळीमावशींनी लाल चिंधीची किल्ली गळ्यात घातली आणि नवा दागिना मिळाल्यासारख्या ऐटीत बसल्या.

परतताना रूपेश जव्हारपर्यंत सोडायला येतो म्हणाला, आणि जव्हारला दाभोशाच्या जीपमध्येही चढला. चौदा माणसं, खांद्याला खांदा. त्याच्या गळ्याशी आता काही नव्हतं. तो अधूनमधून तिथे हात नेत होता आणि ओशाळून खाली घेत होता. जयश्रीने ते पाहिलं. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला, आणि सोडला नाही.

"आता मला तुझ्या खोलीत यायचं झालं तर?" त्याने तिच्या कानाशी विचारलं.

"अर्ज कर. काळीमावशी आणि मी मिळून ठरवू."

मागच्या सीटवरून खोकला आला. या खेपेला ते ढवळूबाबा होते.