एवर्टकाकांची मूठ

"मी गेलो की आधी खिडकी उघड, पोरी. रडायचं ते नंतर रड."

पितळेच्या ओतशाळेतले जुने कारागीर एवर्टकाका हे बोलले, तेव्हा तूवानं हसत हो म्हटलं होतं. काकांची उजवी मूठ तेव्हा तिच्या ओल्या शाडूत रुतलेली होती. त्या ठशावरून तिला खिडकीची पितळी मूठ घडवायची होती. त्यासाठीच ती स्टॉकहोमहून स्मोलांडच्या या रानातल्या गावी येत असे. ओतशाळेचा मालक हेल्मर चेष्टा करायचा, "काका, आता अख्खा स्वीडन रोज सकाळी तुमचा हात धरणार."

काका जानेवारीत देवाघरी गेले, ओतशाळेच्या माडीवरच्या आपल्या खोलीत. तूवा पोचली तेव्हा खिडकी बंदच होती. माणूस गेलं की जिवाला वाट म्हणून ती उघडायची, हे तिकडे लहान मुलालाही ठाऊक. पण थंडीसाठी आतून दुसरी तावदानं बसवलेली, मधे कापूस भरलेला, फटींवर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या. वसंत येईतो त्या कुणी काढत नाही, असं काकांची बहीण गुन्वोर म्हणाली. दुखवट्याच्या घरात तूवाला हट्ट करवला नाही. पाद्रीबुवांनी प्रार्थना यथासांग केली. राहिली ती एवढी खिडकीच.

मग मुठी ओतून, घासूनपुसून तयार झाल्या. हेल्मरनं त्या एका फळीवर ओळीनं बसवल्या आणि सगळ्या बंदच्या बाजूला वळवून मिटवल्या. दोघं कॉफी पिऊन परतली, तर सगळ्या उघड्या.

स्प्रिंगा सैल असतील, असं म्हणत हेल्मरनं त्या बदलल्या. जेवण होईतो मुठी पुन्हा उघडल्या होत्या. तो कपाळाला आठ्या घालून पेचकस शोधू लागला. तूवानं एका मुठीला हात लावला. पितळ कोमट होतं, नुकताच कुणी हात काढून घ्यावा तसं. भट्टी तर आठवडाभर पेटलीच नव्हती.

तिनं ती मूठ मिटवली आणि दाबून धरली.

तळव्याखाली ती हळूच वळू लागली. त्यात झटका नव्हता. म्हाताऱ्या माणसाचा सबुरीचा आग्रह होता.

तूवा अंगणापलीकडे गुन्वोरच्या स्वयंपाकघरात गेली. टेबलावर दोन कप मांडलेले होते. तूवानं काही विचारायच्या आतच म्हातारी म्हणाली,

"तो आहे इथंच. त्याचा कप मी रिकामाच ठेवते, तरी गरम लागतो."

"मावशी, ती खिडकी…"

"उघडलीस तर जाईल ना गं तो."

तूवा हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांना हो म्हटलंय."

गुन्वोरनं त्या दुसऱ्या कपावरून एकदा हात फिरवला. मग तिनं खण ओढला आणि खिडकीच्या पट्ट्या कापायला पातळ पात्याची सुरी काढून तूवाच्या हातात दिली.

माडीचा जिना बाहेरून होता. लोखंडी कठड्यावर दहिवर गोठून पांढरं झालेलं. तूवानं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि कठडा धरला.

तो कोमट होता. वरच्या दिशेनं, तिच्या हाताच्या थोडं पुढे, पांढरं दहिवर मुठीएवढं मुठीएवढं विरघळत चाललं होतं.

ती त्याच्या मागोमाग चढू लागली.