सतरा नंबरची बाटली

राखीव कपाटातली सतरा नंबरची बाटली पुन्हा मशीनवर चढली. आकडा आला.

शिसं. मर्यादेच्या चौपट.

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्यातलं थोडं पाणी सहा महिने जपून ठेवत. सतरा नंबर म्हणजे टेकडीमागच्या नव्या वसाहतीचा नळ. सहा महिने त्याचे अहवाल ‘पिण्यास योग्य’ असे जात होते, आणि आता वसाहतीतली एकोणीस मुलं इस्पितळात होती. सहाही महिन्यांच्या बाटल्या पुन्हा तपासल्या. सहाही तशाच निघाल्या. नोंदींच्या पानावर मात्र दर वेळी दहापट कमी आकडा होता आणि खाली शून्यताईंची सही.

तेवीस वर्षं मशीनवर बसलेल्या या बाईंना घरी पाठवायला तेवढं पुरलं. मशीनला हात न लावता आकडे ठोकून दिले, असा आरोप ठेवला गेला. वरच्या कचेरीने एक तपासनीस धाडले. मोजमापांची लफडी निस्तरण्यात त्यांची हयात गेली होती. लोक त्यांना भिंगकाका म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना ते चालायचं.

ते आधी शून्यताईंच्या घरी गेले.

“ही पानं तुम्ही लिहिलीत?”

“अक्षर माझ्यासारखं आहे. पानं माझी नाहीत.”

“मग तुमची कुठे गेली?”

“सुटी पानं असतात हो, फाईलला लावलेली. कोणीही काढावं, कोणीही लावावं.”

“सतरा नंबर कुठला, हे ठाऊक होतं?”

“नाही. बाटलीवर फक्त नंबर असतो. यादी आमच्या लॅबच्या साहेबांच्या कपाटात. मोजणाऱ्याने पक्षपात करू नये म्हणून. दिवसाला चाळीस बाटल्या येतात, त्यात कारखान्यांचं सांडपाणीही असतं. मोठा आकडा आला म्हणून दचकायचं काही कारण नसतं.”

“आणि शून्यताई हे नाव?”

त्या हसल्यासारखं करून थांबल्या. “आमचं मशीन तीन अंक दाखवतं. चार पूर्णांक दहा आलं, तर मी नुसतं चार पूर्णांक एक लिहीत नाही. शेवटचं शून्यसुद्धा मोजलेलं असतं. ते गाळलं, तर आपण तिथपर्यंत मोजलंच नाही असं होतं. मी नवी होते तेव्हा साहेबांनीच शिकवलं. पुढे मी त्यावरून सगळ्यांचं इतकं डोकं खाल्लं, की नावच पडलं.”

भिंगकाका उठायला लागले, तसं त्यांनी हाताने थांबवलं.

“नोकरी गेली तर जाऊ दे. लेक त्याच वसाहतीत राहते. माझी नात त्या एकोणीस मुलांत आहे. चार वर्षांची. दिवसभर गाणी म्हणायची. आता हाक मारली तरी बघत नाही. लेक मला दारात उभं करत नाही. म्हणते, आई, तू बसल्या जागी आकडे लिहिलेस. पहिला अहवाल आला तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, आमच्या लॅबचा आहे, डोळे मिटून पाणी दे. तिला एवढंच सांगा, की मी मोजलं होतं.”

 भिंगकाकांनी चष्मा पुसला आणि ते निघाले.

प्रयोगशाळेत त्यांनी सतरा नंबरचे सहा आकडे कागदावर उतरवले. ४.१, ३.८७, ४.२६, ५, ४.४३, ३.९. प्रत्येकापुढे ‘गुणिले दहा’, आणि त्या दहाच्या डोक्यावर बारीक अक्षरात उणे तीन. मर्यादा होती दहाचा उणे दोन घात, म्हणजे हे पाणी मर्यादेच्या निम्म्यावर कधी जात नव्हतं. बाजूला त्यांनी राखीव बाटल्यांचे ताजे आकडे लिहिले. ४.१२, ३.८५, ४.२७, ४.९८, ४.४१, ३.९१. सगळ्यांचा घात उणे दोन.

ते बराच वेळ त्या एकट्या पाचाकडे बघत राहिले. मग कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कारकुनाकडे गेले.

“बाईंच्या पानावरून तू टाइप करतोस?”

“हो काका. मग साहेब त्यांच्या स्क्रीनवर तपासतात, लागलं तर दुरुस्त करतात, आणि अहवाल छापतात.”

“घात उणे दोन होता की उणे तीन, काही आठवतं?”

“आकडा एका चौकटीत, डोक्यावरचा बारीक आकडा दुसऱ्या चौकटीत, असे दिवसाला दोनशे टाइप करतो. वाचायला लागलो तर घरी कधी जाऊ?”

“बाईंच्या शून्यांचं काय करतोस?”

“मी टाकतो, कॉम्प्युटर गिळतो. फार जुना आहे. चार पूर्णांक दहा टाका, चार पूर्णांक एक दिसणार. बाई वैतागायच्या.”

“हा छापील आकडा मला हाताने उतरवून दे.”

छापील अहवालात आकड्यापुढे इंग्रजी ‘ई’ आणि उणे तीन असं होतं. कारकुनाने ‘ई’ जसंच्या तसं लिहिलं.

“हे ई म्हणजे काय रे?”

“एरर असेल. मी कधी विचारलं नाही.”

दुपारी भिंगकाका साहेबांच्या केबिनमध्ये बसले. साहेबांनी चहा मागवला.

“मशीनवर शेवटचं कधी बसलात?”

“अकरा वर्षं झाली. आता आमचं सगळं स्क्रीनवर.”

“तरीच.” भिंगकाकांनी कागद पुढे सरकवला. “बाईंनी मनाने आकडे लिहिले असते, तर ते राखीव बाटल्यांशी जुळले नसते. इथे सहाच्या सहा जुळतात, फक्त घात बदललाय. मनाने लिहिणाऱ्याला एवढं साधत नाही. म्हणजे कोणीतरी खरं मोजलं होतं. मोजणारं माणूस इथे एकच.”

“मग घात तिनेच बदलला असेल.”

“हा पाच बघा. एकटाच आहे, मागे एकही शून्य नाही. ४.१ आणि ३.९ चंही शेवटचं शून्य गेलंय. मशीनने पाच पूर्णांक शून्य शून्य दाखवलं, आणि शून्यताईंनी नुसता पाच लिहिला? प्राण गेला तरी लिहिणार नाहीत. हे आकडे मशीनवरून आलेले नाहीत, छापील अहवालावरून आलेत. तिथे शून्यं आधीच गिळलेली होती. म्हणजे आधी अहवाल बदलला, आणि मुलं आजारी पडल्यावर अहवाल बघून पान लिहिलं गेलं. खोटं उलट्या दिशेने चाललं.”

“कारकून...”

“त्याला ‘ई’ म्हणजे दहाचा घात हे माहीत नाही. पानावर घात बिनचूक लिहिलाय. स्क्रीनवरचा आकडा बदलायचा अधिकार ज्याला आहे, घात ज्याला लिहिता येतो आणि सतरा नंबर कुठला हे ज्याला ठाऊक आहे, असा माणूस तुम्हीच. शून्याचा धडा तुम्हीच दिलात, साहेब, आणि तुम्हीच विसरलात.”

चहा आला. कोणी घेतला नाही.

“वसाहतीच्या पाइपांच्या सांध्यांत शिसं नाही, असा दाखला मी दिला होता,” साहेब म्हणाले. “न तपासता. पहिला आकडा बघितला आणि घाबरलो. वाटलं, नवीन पाइप आहेत, पाणी वाहिलं की शिसं धुऊन जाईल. पुढच्या महिन्यात आकडा उतरेल.”

“सहा महिने वाट बघितलीत?”

साहेबांनी कागद उलटा करून ठेवला. भिंगकाकांना त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

संध्याकाळी शून्यताई आणि भिंगकाका इस्पितळात गेले. लेक वॉर्डाच्या दारात आली. भिंगकाकांनी तिला सगळं सांगितलं, हळू आणि सोप्या शब्दांत.

“म्हणजे आईने खरं मोजलं होतं.”

“हो. दर महिन्याला.”

“खरा आकडा तिच्या हातात होता?”

“होता. पण तिला...”

“सहा वेळा?”

 इथवर भिंगकाकांनी हिशोब केलाच नव्हता. लेकीने दार धरून ठेवलं नाही, पण आईचा हातही धरला नाही. ती आत निघून गेली. काचेतून खाटेवरची मुलगी दिसत होती, छताकडे बघत पडलेली. गेलेली वाचा बहुधा परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

“तुमच्यावरचा डाग पुसला गेला, ताई,” भिंगकाका म्हणाले.

शून्यताई काचेजवळ उभ्या होत्या.

“सतरा नंबर म्हणालात ना? त्या नंबरची बाटली दर वेळी तीच यायची, झाकण सैल असलेली,” त्या म्हणाल्या. “हाताला पाणी लागायचं. दर महिन्याला पदराला हात पुसायचे आणि आकडा लिहायचे.”