काढून टाकलेला ब्रेक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलींनी भुतांचा विषय काढला की त्यांची खिल्ली उडवणारी मीच होते.

हे घडलं दोन वर्षांपूर्वी, रमजानच्या सतराव्या रोज्याला. ओमानमध्ये, रुस्ताकहून डोंगरात जाणाऱ्या रस्त्यावर. रात्री नाही. चांगल्या उजेडात.

आधी झुवैना खालाबद्दल, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या झुवैना मावशीबद्दल, सांगते.

आमच्याकडच्या निम्म्या बायका तिच्याकडेच गाडी शिकल्या. जुनी पांढरी गाडी, टपावर शिकाऊ पाटी. आमच्याकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो; उजव्या बाजूला खाला बसायची आणि तिच्या पायाशी तिचा वेगळा ब्रेक असायचा. ड्रमांच्या मधून गाडी मागे घ्यायच्या परीक्षेत मी चारदा नापास झाले.

"रय्या, त्या ड्रमांनी तुझं काय घोडं मारलंय गं?" ती लोबानाचा सुगंधी डिंक चघळत विचारायची.

तिची एक सवय होती. गाडी सुरू करण्याआधी बोटातल्या चांदीच्या अंगठीनं डॅशबोर्डवर तीनदा वाजवायची. पहिली टक आपल्या पट्ट्याची. दुसरी आरशांची. तिसरी मागे बसलेल्यांच्या पट्ट्यांची. तिसरी वाजल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही.

"खाला, मागे कुणीच नाहीये," मी एकदा हसले.

"आज नाही. उद्या तुझी पोरं असतील. गाडी काय, माकडसुद्धा चालवेल. मी तुला सवय लावतेय."

त्या रमजानच्या आधीच्या हिवाळ्यात खाला आजारपणात गेली. तिच्या मुलानं गाडी विकायला काढली आणि मी ती मायेपोटी घेतली. घरच्या वापरासाठी दुसरा ब्रेक काढावा लागणार होता. माझ्या नवऱ्यानं, हुमैदनं, गॅरेजमध्ये तो काढून घेतला. ते पेडल त्यानं तांदळाच्या रिकाम्या पोत्यात घालून कोठीघरात ठेवलं.

मी स्वतःच्या हातानं पोत्याचं तोंड बांधलं होतं. एवढं लक्षात ठेवा.

त्या दिवशी इफ्तार आईकडे होता. मला दुपारी डोळा लागला आणि निघायला उशीर झाला. अजानला जेमतेम पंचवीस मिनिटं होती. त्या वेळी आमच्या रस्त्यांवर सगळ्यांना एकदमच घर गाठायचं असतं. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही, डोकं जड, आणि पाय ॲक्सिलरेटरवर.

शेजारच्या सीटवर हरीसचं, गहू-मांसाच्या घट्ट खिमटीचं, पातेलं. मागे माझा पाच वर्षांचा अज्जान.

"आई, पट्टा नको. टोचतो."

"बरं बाबा, राहू दे. जवळच तर जायचंय."

हे मी म्हणाले. मी, त्याची आई. अजून स्वतःला माफ करता आलेलं नाही.

गाव मागे पडलं. आणि मग…

टक.

पातेल्याचं झाकण असेल, असं वाटलं. झाकण फडक्यानं घट्ट बांधलेलं होतं.

टक.

आवाज डॅशबोर्डमधून आला होता. मी तिसऱ्या आवाजाची वाट पाहू लागले. घाट सुरू झाला, एक वळण गेलं, दुसरं गेलं…

तिसरा आलाच नाही.

"आई, तू वाजवतेस?"

"नाही रे."

"मग कोण वाजवतंय?"

तिसरी टक मागच्या पट्ट्यांची. मी गाडी कडेला घेतली, मागे गेले आणि त्याला पट्टा बांधला. त्यानं भोकाड पसरलं. "आपण पोचेपर्यंत आजी सगळे खजूर खाऊन टाकेल!"

मी परत येऊन बसले. दार लावलं.

टक.

गाडीत लोबानाचा वास येत होता… आणि गाडीत लोबान नव्हता.

मी घाबरले होते. म्हणून अजूनच जोरात निघाले.

पुढच्या वळणावर वादी होती, एरवी कोरडं असणारं नदीचं पात्र. डोंगरावर काळं आभाळ होतं, पण आमच्याकडे थेंबही नव्हता. रस्त्यावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. पाण्याची खोली दाखवणारे कडेचे लाल-पांढरे खांब जवळजवळ पूर्ण दिसत होते. खाला सांगायची, पाणी वाहत असेल तर खांबही बघायचे नाहीत, थांबायचं. पण पलीकडे आईचं गाव दिसत होतं.

माझ्या पुढे एक निळी पिकअप होती. ती चालवणाऱ्या पोरानं खिडकीतून हात काढून खूण केली. चला, माझ्या मागून या.

तो पाण्यात उतरला. तो जातोय, तर मी का नाही? मीही पाय दाबला.

आणि गाडी जागच्या जागी थांबली.

पातेलं डॅशबोर्डवर आदळलं. अज्जान पुढे फेकला गेला आणि पट्ट्यानं त्याला धरलं. माझा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. इंजिन ओरडत होतं आणि गाडी इंचभर हलत नव्हती.

मी उजवीकडे पाहिलं. सीट रिकामी. खाली कलंडलेलं पातेलं आणि चटई, पेडल नाही.

मग वरून आवाज आला… दगडांवर दगड आपटल्यासारखा.

पाणी भिंतीसारखं आलं. पिकअप बरोबर मधोमध होती. त्या पोराचा हात अजून खिडकीबाहेरच होता.

तो दोन दिवसांनी खालच्या खजुराच्या बागांमध्ये सापडला. एकोणीस वर्षांचा. परवाना मिळून पाच आठवडे झाले होते. त्याचीही आई इफ्तार मांडून बसली होती.

हुमैद आम्हाला घ्यायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं गाडी तपासली, सगळं ठीक होतं. घरी आल्यावर तो कोठीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मी गेले तेव्हा तो पोतं उघडून बसला होता. माझी गाठ तोवर तशीच होती, ती त्यानंच सोडली होती. पोतं कोरडं होतं.

पेडल ओलं होतं. रबरावर लाल गाळ होता… वादीचा.

आठवड्याभरानं त्यानं ते पेडल गाडीला परत बसवून आणलं. मी सांगितलं नव्हतं.

हे आता लिहिण्याचं कारण वेगळं आहे. माझी धाकटी बहीण मयसा हिला नुकताच परवाना मिळालाय. तिचा हात बसावा म्हणून मी शेजारी बसते, खालाच्या जागेवर. तीनदा वाजवल्याशिवाय मी तिला किल्ली फिरवू देत नाही. ती मला म्हातारी म्हणते.

परवा दुपारी आम्ही दोघी निघालो. ऊन लख्ख होतं, आभाळ कोरं होतं. वादीच्या बऱ्याच अलीकडे, सरळ रस्त्यावर, गाडी करकचून थांबली.

"ताई, अगं किती जोरात दाबतेस!" मयसा ओरडली. "समोर कुणी आहे का?"

कुणी नव्हतं. रस्ता मोकळा होता.

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय चटईवर होते.

पेडल पूर्ण खाली दबलेलं होतं… आणि वर येत नव्हतं.

"मयसा, गाडी वळव," मी म्हणाले. "आज नको." तेव्हा कुठे पेडल वर आलं.

पुढे काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. त्या रस्त्यानं आम्ही अजून गेलेलो नाही.