चुलीजवळची फळी

हे माझ्याच घरात घडलेलं आहे. पटत नसेल त्याने इथेच थांबावं.

माझी थोरली बहीण ग्लिकेरिया लग्न होऊन गेली, ते १९३१ साल. त्याच हिवाळ्यात देव न मानणाऱ्या सरकारने आमच्या गावाजवळचा ख्रिस्ती मठ बंद केला. साधूंना धरून नेलं. एकटे पाफ्नुतीबाबा निसटले.

आईने त्यांना आमच्या तळघरात लपवलं. वाट एकच, चुलीजवळची जमिनीतली फळी.

मठातला साधू दाराशी आधी प्रार्थना म्हणतो. आतून ‘आमेन’ आलं, तरच उंबरा ओलांडतो. बाबांनी तळघरातही हे सोडलं नाही. खालून टकटक, मग हलकी प्रार्थना. आई ‘आमेन’ म्हणायची आणि फळी उचलायची.

एके दिवशी एक सरकारी अधिकारी बर्फावरच्या गाडीतून पडला. पाय मोडला. लोकांनी त्याला आमच्याकडे आणलं आणि त्याची खाट उबेला टाकली...

नेमकी त्या फळीवर.

संध्याकाळी खालून आलं... टक. टक. टक.

“हे काय, मावशी?”

“उंदीर असतील, साहेब.”

“भलतेच शिस्तीचे दिसतात. परवानगी मागतात की काय!”

तो हसला. आईही हसली. खालची प्रार्थना ऐकू जाऊ नये म्हणून ती पळी भांड्यावर खडखडवत राहिली.

‘आमेन’ म्हटलं असतं, तर बाबांसकट आम्ही सगळे गेलो असतो.

टकटक रोज यायची. रोज क्षीण होत गेली. मग...

काहीच नाही.

बर्फ वितळल्यावर तो अधिकारी गेला. आईने फळी उचलली.

खाली बटाटे होते. बाबांचा काळा झगा नीट घडी घालून ठेवलेला होता.

बाबा नव्हते.

चहूकडे दगडी भिंती. आम्ही फळी परत लावली. आणि खालून...

टक. टक. टक. तीच प्रार्थना.

आईचे ओठ हलले. मी तिचं तोंड दाबलं. “आई, नको! खाली कोणी नाहीये!”

तेव्हापासून आम्ही आमच्याच घरात प्रार्थनेचा शेवटचा शब्द गिळत आलो.

पुढे आई खोकल्याने अंथरुणाला खिळली. एका संध्याकाळी टकटक आली.

“फार ताटकळवलं गं त्यांना,” ती म्हणाली.

“आई, गप्प पड.”

“आमेन,” ती स्पष्ट म्हणाली.

फळी हलली नाही. आईचा श्वास थांबला.

मला वाटलं, सुटले दोघंही.

आता त्या फळीवर माझी खाट आहे. घर सोडून जावं, तर फळी कोण दाबून धरणार?

संध्याकाळी टकटक येते. प्रार्थना आता दोन आवाजांत असते. दुसरा आवाज मध्येच खोकतो...

पाफ्नुतीबाबांचं प्रेत कधीच मिळालं नाही. माझी आई उस्तीन्या १९५२ च्या ऑक्टोबरात वारली. तिला मी स्वतः गावाबाहेरच्या दफनभूमीत पुरलं आहे.