काठी अजून वर आहे

हे घडलेले आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावे. एकदा सुरुवात केली की मी मध्ये थांबत नाही.

बुरूलचा हे माझ्या थोरल्या जावेचे नाव. मी या घरात सून म्हणून आले, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जागा नारीन नदीच्या वरची, कोक-बेलचे डोंगरी कुरण. वेळ रात्रीची नव्हती, लख्ख दुपारची होती. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असे मानणाऱ्यांनी दुपारीही सावध असावे.

आमच्याकडे सून नवऱ्याचे नाव घेत नाही. सासऱ्याचे नाही, थोरल्या दिराचेही नाही. म्हणून बुरूलचाच्या नवऱ्याचे नाव इथे मीही लिहिणार नाही. ‘थोरले’ म्हटले म्हणजे तेच समजावे.

त्या उन्हाळ्यात कुरणावर नकाशावाले आले होते.

त्यांचा मुख्य सेम्योन. माणूस रशियन, पण आमची भाषा मोडकीतोडकी का होईना, हौसेने बोलायचा. एका टेकाडावर तिकाटी रोवून तो तिच्यावर दुर्बीण बसवी. समोर उतारावर कोणी तरी आकडे रंगवलेली उंच काठी धरून उभे राही. काठीवरचा आकडा वाचून म्हणे डोंगराची उंची कळते. काठी धरायला त्याने थोरल्यांना नेमले.

अट एकच होती. सेम्योन टोपी काढून हलवेपर्यंत काठी जागची हलवायची नाही.

“डोंगर मोजून काय तो वाळणार आहे?” सासूबाई बातमा-एने, म्हणजे बातमा-आई, त्याला म्हणाल्या.

“एने, मोजला की मॉस्कोतल्या माणसालाही कळेल, इथे चढ किती ते.”

“त्याला कळून काय करू? चढायला तो येणार आहे होय माझ्या मेंढ्यांमागे?”

सेम्योन हसला आणि त्याने कच्चा नकाशा उलगडला. डोंगराभोवती एकात एक रेघा होत्या. एका रेघेवरची सगळी ठिकाणे एकाच उंचीची, असे त्याने समजावले.

थोरल्यांनी वाकून पाहिले. “ह्या तर मेंढ्यांच्या वाटा. चरताना मेंढरू असंच आडवं जातं, ना वर ना खाली. ह्यासाठी एवढी शाळा शिकलास?”

मग सेम्योनने बुरूलचाला दुर्बिणीतून पाहू दिले. ती दचकली. आत सगळे उलटे होते. आभाळ खाली, गवत वर, आणि दूर डोंगराच्या धारेवर काठी धरून उभा असलेला तिचा नवरा... डोके खाली, पाय वर.

“जुनी काच आहे,” सेम्योन म्हणाला. “हिच्यात सगळी दुनिया उलटीच दिसते.”

“लग्नाआधीपासून तो असाच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “तुला आज दिसलं.”

सगळे हसले. त्या तळावरचे ते शेवटचे हसणे.

चार दिवसांनी सासूबाई शेजारच्या तळावर बारशाला गेल्या. सेम्योन घळीपलीकडच्या टेकाडावर होता. थोरले कोक-बेलच्या धारेवर काठी धरून उभे. तंबूपाशी बुरूलचा एकटी घोडीचे दूध घुसळत होती.

आधी कुत्रा उठला.

मग खालून, दरीतून, धुके चढू लागले.

आमच्याकडे धुके वरून उतरत नाही, खालून भरत येते. आधी घळ बुडाली. मग देवदारांची सावलीकडची बाजू. मग सेम्योनचे टेकाड. शेवटी धार.

बुरूलचा घुसळणे टाकून उठली. टोपी आता कोणाला दिसणार? आणि टोपी दिसल्याशिवाय तिचा नवरा जागचा हलणाऱ्यातला नव्हता. मेंढपाळाचा शब्द तो. त्यात त्या धारेवरची थंडी उन्हाळ्यातही माणूस गोठवते.

तिने हाक मारली.

नाव घेता येत नव्हते. म्हणून रोज मारायची तशीच मारली.

“अहो... घरी या!”

दोन्ही हात तोंडाशी धरून ती पुन्हा ओरडली, “ऐकताय ना? घरी या!”

“आलो.”

आवाज त्यांचाच होता. पण तो वरून आला नव्हता.

तंबूच्या मागून आला होता... अगदी जवळून.

धार तिथून किती लांब, हे त्या कुरणावरचे शेंबडे पोरही सांगेल. एवढ्यात तिथून कोणी उतरू शकत नाही.

ते आले. चेहरा तोच. कोटाचे तुटलेले बटण तेच. धुक्यात चालून आलेल्या माणसाच्या भुवयांवर दवाचे थेंब असतात.

यांच्या नव्हते.

कुत्र्याने एकदा दात दाखवले आणि शेपूट घालून तो चुलीमागे दडला.

“काठी कुठाय?” तिने विचारले.

“काठी वर आहे.”

“वर कोणापाशी?”

ते चुलीपाशी गेले. चहाचा वाडगा हातात घेऊन बसले. वाडग्यातला चहा कमी झाला नाही.

सकाळी आभाळ स्वच्छ झाले. सेम्योन रात्रभर घळीतून हाका मारत फिरला होता. तो दुर्बीण खांद्यावर टाकून धावतच तळावर आला. दाराशी थोरल्यांना पाहून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि काठी कुठे राहिली ते पाहायला दुर्बीण धारेकडे वळवली.

मग कितीतरी वेळ तो काचेवरून डोळा काढीना.

“काय दिसतं?” बुरूलचाने विचारले.

तो बाजूला सरला.

नुसत्या डोळ्यांना धार रिकामी दिसत होती. काचेत मात्र काठी उभी होती... आणि ती धरून तिचा नवरा. नेहमीसारखा डोके खाली, पाय वर. टोपीची वाट पाहत.

तिच्या धक्क्याने दुर्बीण खाली वळली. काचेत आता तंबूमागचा उतार होता. घोडा उलटा. गवत उलटे. पण घोड्याचा लगाम धरून चालणारा, काल घरी आलेला तो...

तो सरळ होता.

सेम्योनने टोपी काढून धारेकडे हलवली. दोन्ही हातांनी हलवली. मग काचेतून पाहिले, आणि त्याने नकारार्थी मान हलवली. “तो इकडे बघतच नाही. त्याच्याकडे अजून धुकं आहे.”

सेम्योन धारेवर चढून गेला. वर दगड होते आणि वारा होता. काठी नव्हती, माणूस नव्हता.

त्याच दिवशी नकाशावाल्यांनी तळ उठवला. बुरूलचाने दुर्बिणीची पेटी धरून ठेवली. “ही तरी ठेवा. मला ते दिसतील.”

“ताई, सरकारी आहे,” सेम्योन म्हणाला. त्याची बोटे पेटीवरून निघत नव्हती, आणि तो तंबूकडे पाहायचे टाळत होता.

सासूबाई परत आल्या तेव्हा मुलगा दाराशी उभा होता. त्यांनी त्याला नखशिखान्त पाहिले आणि सुनेला विचारले, “कोणाला बोलावलंस?”

“ह्यांनाच.”

“नाव घेतलंस?”

बुरूलचाने मान खाली घातली. “धुक्यात बिननावाची हाक कोणीही घेतो,” सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी मोठ्याने मुलाचे नाव घेतले. दारातल्याने वळून पाहिले नाही. धारेवरूनही काही आले नाही.

सारा उन्हाळा तो घरात राहिला. पाणी आणी, जळण आणी, वावगे कधी बोलला नाही. पण तंबूच्या उंचीहून वर तो कधी चढला नाही, की खाली उतरला नाही. डोंगराला आडवा वळसा घालून, सकाळी ज्या बाजूने जाई, त्याच्या उलट बाजूने संध्याकाळी परते. मेंढ्या त्या वाटेवरच्या गवताला तोंड लावीनात. पाहता पाहता डोंगराभोवती गवत मेलेली एक रेघ उमटली.

कुरणावरून खाली उतरायचे दिवस आले. तंबू सोडला, उंटांवर लादला. तो रेघेपर्यंत आला आणि थांबला.

खालून धुके चढत होते.

“हाक तुझी होती,” सासूबाई म्हणाल्या. “सुधारायची तर तूच सुधारायची. नाव घे.”

“एने, तुमच्यासमोर कसं घेऊ?”

“मी ऐकतच नाही.” आणि बातमा-एनेने दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले.

बुरूलचाने धारेकडे तोंड करून नवऱ्याचे नाव घेतले. आयुष्यात पहिल्यांदा.

रेघेवर उभा असलेला हललाही नाही.

वरून... फार वरून... दमलेला आवाज आला.

“इथंच आहे. काठी सोडू का?”

“सोडा,” ती ओरडली. “सोडा, या, टोपी हलवलीय त्यानं...”

“काही दिसत नाही गं. टोपी दिसत नाही.”

तिने डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला आणि हलवला. हात भरून आले तरी हलवला. धुक्यात तिला तो स्वतःलाही दिसत नव्हता. हळूहळू वरचा आवाज बंद झाला. सासूबाईंनी कानांवरचे हात काढले, तेव्हा त्यांचे गाल ओले होते.

रेघेवरचा तिथेच मागे राहिला, आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात बुरूलचा कोक-बेलवर गेली. धुके आले की नाव घ्यायची आणि रुमाल हलवायची. दर वेळी तोच प्रश्न येई. आवाज तसाच राहिला, तरुण. ती म्हातारी झाली. सासूबाई केव्हाच गेल्या. गेल्या हिवाळ्यात बुरूलचाही गेली.

या उन्हाळ्यात मी वर गेले. रेघ अजून आहे, तिच्यावर गवत उगवत नाही. तिसऱ्या दिवशी खालून धुके चढले, आणि आजवर मी बुरूलचाच्या तोंडून ऐकलेले ते आता माझ्या कानांनी ऐकले.

“काठी सोडू का?”

थोरल्या दिराचे नाव मी कसे घेणार? तोंडापर्यंत आले, आणि सासूबाई समोर बसल्यासारखे तिथेच अडले. सगळे आयुष्य मी घर आणि रीत राखत आले. त्या एका नावापुढे माझे काही चालले नाही.

नाव न घेता तरी ओ द्यावी, म्हणून मी तोंड उघडले.

तेव्हा मागे, रेघेच्या बाजूला, कोणी तरी पाऊल थांबवले... ऐकायला.

मी रुमालाचे टोक दातांत घट्ट धरले आणि धुके विरेपर्यंत तशीच बसून राहिले. वरून तो तेवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता.